न्यूझीलंडमध्ये कॅम्परव्हॅन: न्हाणीघर असलेली घ्यावी की नसलेली?

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर दहा-बारा दिवस कॅम्परव्हॅनने, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने, फिरायचे ठरवणाऱ्यासमोर भाड्याची यादी पाहताना तीन पर्याय येतात: शौचालय आणि शॉवर दोन्ही असलेली चार किंवा सहा जणांची मोठी गाडी, केवळ बसवलेले शौचालय असलेली दोघांची छोटी गाडी आणि यांतले काहीच नसलेली सर्वांत स्वस्त गाडी. तेथे वाहने आपल्याप्रमाणेच डावीकडून चालतात आणि ६,००० किलोपर्यंतची गाडी मोटारीच्या परवान्यावर चालवता येते. त्यामुळे निवड चालवण्याच्या सोयीवर फारशी अवलंबून नसते. पाणी किती मिळणार आणि मैला व सांडपाणी कोठे रिकामे करणार, यावर ती ठरते.

स्वस्त गाडीचा विचार आधी संपवू. फ्रीडम कॅम्पिंगचा, म्हणजे शुल्काच्या कॅम्पसाइटऐवजी सार्वजनिक जागेत गाडी लावून मुक्काम करण्याचा, कायदा २०११ सालचा असून २०२३ मध्ये स्वयंपूर्ण गाड्यांचे, म्हणजे पाणी, शौचालय आणि सांडपाण्याची सोय स्वतःतच असलेल्या गाड्यांचे, नियम कडक करण्यात आले. आता नव्या हिरव्या प्रमाणपत्रासाठी शौचालय गाडीत कायमचे बसवलेले असावे लागते, सुटे चालत नाही. ज्या सार्वजनिक जागांवर केवळ प्रमाणित गाड्यांना मुक्कामाची मुभा आहे, तेथे शौचालय नसलेली ही स्वस्त गाडी मुक्कामाला उभी केल्यास दंड होतो. म्हणजे रोज रात्री शुल्क देऊन कॅम्पसाइट शोधणे आले आणि भाड्यातली बचत तेथे निघून जाते. शिवाय मध्यरात्री पावसात टॉर्च घेऊन शौचालय शोधायचे, तेही सुट्टीत, हे मला तरी पटत नाही.

खरी तुलना उरलेल्या दोन पर्यायांची आहे. प्रमाणपत्रासाठी माणशी दररोज चार लिटर या हिशेबाने तीन दिवसांचे पाणी गाडीत साठवण्याची सोय लागते, म्हणजे दोघांसाठी २४ लिटर. आपल्याकडे एका माणसाच्या आंघोळीची बादली पंधरा-वीस लिटरची असते, हे लक्षात घेतले म्हणजे छोट्या गाडीतले पाणी पिण्यासाठी, भांड्यांसाठी आणि तोंड धुण्यासाठीच आहे, हे उघड होते. मोठ्या गाडीची टाकी पुष्कळ मोठी असली तरी चौघांनी शॉवर घेतल्यावर ती पाहता पाहता तळाला जाते. अंग ओले करून पाणी बंद करावे, साबण लावावा आणि मग थोडक्या पाण्यात उरकावे, अशीच ती आंघोळ असते. शिवाय वापरलेले पाणी सांडपाण्याच्या टाकीत साठत असल्यामुळे तीही लवकर भरते आणि ती वाटेत कोठेही सोडता येत नाही. शॉवर आणि शौचालय बहुधा एकाच चिंचोळ्या कप्प्यात असतात. पश्चिम किनाऱ्याच्या दमट हवेत त्याची जमीन आणि टॉवेल वाळत नाहीत आणि वाळवण्यासाठी दार उघडावे तर सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्या आत येतात.

शौचालयाबाबत मराठी कुटुंबांनी आणखी एक हिशेब करावा. मैला ज्या कॅसेटमध्ये, म्हणजे शौचालयाखालच्या काढता येणाऱ्या टाकीत, साठतो, ती साधारण अठरा-वीस लिटरची असते. आपण कागदाऐवजी पाणी वापरतो आणि प्रत्येक वेळी मगभर पाणी ओतले, तर ही कॅसेट अपेक्षेपेक्षा एक-दोन दिवस आधीच भरते. तोटीची दाबायची छोटी बाटली बरोबर ठेवल्यास निम्म्याहून कमी पाण्यात काम भागते. कॅसेट ठरावीक डम्प स्टेशनवरच रिकामी करायची असते. ही सोय अनेक गावांत आणि हॉलिडे पार्कमध्ये, म्हणजे शुल्क घेणाऱ्या सुसज्ज कॅम्पसाइटवर, मिळते. तेथे कॅसेट धुण्याचा नळ वेगळा आणि पिण्याच्या पाण्याचा वेगळा असतो. दोहोंची गल्लत कदापि होऊ देऊ नये आणि रबरी हातमोजे बरोबर असावेत.

आंघोळीसाठी हॉलिडे पार्क हाच सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण तेथे गरम पाण्याचे शॉवर, कपडे धुण्याची यंत्रे आणि स्वयंपाकघर एकत्र मिळते. संवर्धन खात्याच्या, म्हणजे डॉकच्या, कॅम्पसाइटवर ही अपेक्षा ठेवू नये. ‘सर्व्हिस्ड’ प्रकारच्या मोजक्या कॅम्पसाइटवर गरम शॉवर असतात; मिलफर्ड साउंडच्या रस्त्यावरील कॅस्केड क्रीकसारख्या ठिकाणी साधे शौचालय आणि ओढ्या-तळ्याचे पाणी एवढ्यावर भागवावे लागते. नदीत आंघोळ उरकू, असे म्हणणाऱ्यांनी पाणी बर्फाचे असते आणि साबण, जैवविघटनशील असला तरी, पाण्यात जाऊ द्यायचा नसतो, हे ध्यानात घ्यावे. २००४ मध्ये दक्षिण बेटावर डिडिमो हे उपद्रवी शैवाल आढळल्यापासून एका नदीत भिजलेल्या वस्तू स्वच्छ करून आणि वाळवूनच दुसऱ्या पाण्यात नेण्याचा दंडक आहे.

त्यामुळे दोघेच जाणार असतील, तर माझे मत छोट्या गाडीच्या बाजूने आहे: दोन रात्री मोकळ्या जागी किंवा डॉककडे आणि तिसरी हॉलिडे पार्कमध्ये, असा क्रम ठेवावा. अधल्यामधल्या दिवशी ओल्या कपड्याने अंग पुसून भागते. अनेक गावांच्या सार्वजनिक तरणतलावांवर थोड्या शुल्कात शॉवरही मिळतो. बरोबर लहान मुले किंवा आई-वडील असतील, तर मात्र मोठी गाडी घ्यावी, पण शॉवरसाठी नव्हे, तर मांडलेला पलंग न आवरता रात्री ज्यात जाता येते अशा वेगळ्या, दार असलेल्या शौचालयासाठी. आरक्षण करताना त्या कप्प्याची रुंदी आणि गाडीत चढण्याच्या पायरीची उंची विचारून घ्यावी, कारण छायाचित्रांवरून या दोन्हींचा अंदाज येत नाही.