‘टँक’ या एका शब्दावर तपासलेले फुकटातले ऑनलाइन कोश

इंग्रजी शब्दाचा अर्थ आज कुठलीही साइट सांगते. तो शब्द आला कुठून आणि त्याच्या अक्षरांतून आणखी काय काय निघते, हे विचारले की मात्र एकेकीचा कस लागतो. तपासणीसाठी ‘टँक’ हा शब्द सोयीचा आहे. इंग्रजीत चारच अक्षरे, रोजच्या वापरातला, आणि उगमावरून कोशकारांत जुना वाद. त्या वादात मराठीही एक पक्षकार आहे.

सुरुवात एटिमऑनलाइनपासून करावी. डग्लस हार्पर या अमेरिकी अभ्यासकाने उभारलेला हा व्युत्पत्तिकोश बघायला खाते लागत नाही, पैसेही लागत नाहीत. शब्द टाकला की नाम, क्रियापद, टँकर, टँक-टॉप, थिंक-टँक अशा वेगवेगळ्या नोंदींची यादी येते. नामाची नोंद आधी उघडावी, कारण बाकीच्या तिच्यावरच उभ्या आहेत. शब्द इंग्रजीत १६१०च्या दशकातला, आणि तेव्हाचा अर्थ शेतीला किंवा प्यायला पाणी साठवलेला तलाव. लोखंडी टाकी, गाडीची इंधनटाकी हे सगळे नंतरचे. इथले साल म्हणजे शब्द ‘जन्मला’ ते साल नव्हे, लिखाणात सापडलेला पहिला पुरावा तेव्हाचा, इतकाच त्याचा अर्थ. लोकांच्या तोंडी तो त्याआधीही असू शकतो. ‘या साली हा शब्द तयार झाला’ अशी वाक्ये समाजमाध्यमांवर फिरतात, ती बहुतेक हे न कळल्यामुळे.

याच नोंदीत मूळ म्हणून गुजरातीबरोबर मराठी शब्द दिला आहे, पण रोमन अक्षरांत, आणि मराठी माणूस तो ‘टांकेन’ असा वाचून बुचकळ्यात पडतो. शेवटचा ‘न’ खरा नाही. जुन्या लेखनातल्या ‘टांकें’वरचा तो अनुस्वार आहे. म्हणजे शब्द आपला ओळखीचाच: किल्ल्यावरचे, लेण्यातले पाण्याचे टाके.

पुढे एटिमऑनलाइन संस्कृत ‘तडाग’पर्यंत जाऊ पाहते, तिथे मात्र सावध राहावे. तडागापासून ‘तलाव’ येतो हे सहज पटते. ‘टाके’ आणायचे तर सुरुवातीचा ‘ट’ आणि मधला ‘क’, दोन्ही कुठून आले ते सांगावे लागेल. ‘टंक’ म्हणजे छिन्नी, हे मूळ जास्त जवळचे वाटते. मराठीत पाण्याची ती टाकी आणि पाथरवटाच्या हातातली तीही टाकीच, आणि टाके मुळात खडकात खोदलेले असते. याने सिद्ध काही होत नाही, पण नोंदीत ‘कदाचित’ म्हटले आहे ते ‘कदाचित’च ठेवावे.

दुसरी बाजू पोर्तुगीज. ‘टँक’ हा पोर्तुगीज ‘तांके’वरून, तो ‘इश्तांके’ म्हणजे तळे यावरून, आणि त्याच्या मागे पाणी अडवणे या अर्थाचे क्रियापद. त्याचे लॅटिन मूळ ‘स्तांतिकारे’ असे देतात. छापताना अशा रूपाच्या आधी फुली (*) असते. तिचा अर्थ, हे रूप कुठे लिहिलेले सापडलेले नाही, अभ्यासकांनी नंतरच्या रूपांवरून ते बांधले आहे. फुली न पाहता उतरवून घेणारे बरेच. हे मूळ बरोबर असेल तर त्याच्या तळाशी उभे राहणे या अर्थाचा धातू आहे, आपल्या ‘स्था’चा सख्खा भाऊ.

मेरियम-वेबस्टर हा अमेरिकी कोश हा वाद दाखवतच नाही. त्याच्या व्युत्पत्तीत पोर्तुगीज आणि लॅटिन आहे, भारत नाही. अर्थांसाठी हा कोश उत्तम आहे: क्रमवार अर्थ, उच्चार ऐकायची सोय, सगळे नीटनेटके. पण भारतातून गेलेल्या शब्दाचे मूळ फक्त इथे पाहून थांबू नये. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात प्रत्येक अर्थाखाली जुनी अवतरणे सालवार मिळतात, पण तो वर्गणी भरून वापरायचा आहे. एखाद्या विद्यापीठाचे किंवा मोठे ग्रंथालय ती भरत असेल तर तिथून पाहावा. एका शब्दासाठी वर्गणी भरू नये.

खरा माल आहे शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात, तोही फुकट. यूल आणि बर्नेल यांचा १८८६ सालचा ‘हॉब्सन-जॉब्सन’, म्हणजे भारतातल्या इंग्रजीत रुळलेल्या शब्दांचा कोश, तिथे शोधता येतो. त्यात हा शब्द दुहेरी उगमाचा, एक भारतीय आणि एक युरोपीय, असे स्पष्ट म्हणून दोन्हीकडचे दाखले दिले आहेत. इतका प्रामाणिक निवाडा दुसरीकडे मिळत नाही. त्याच संग्रहात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही आहे. तिथे आजच्या लेखनाने ‘टाके’ टाकून शोधू नये. जुन्या लेखनाप्रमाणे दोन्ही अनुस्वार देऊन ‘टांकें’ टाकावे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकलेले अनुस्वार त्या कोशात जागच्या जागी आहेत.

रणगाड्याची कथा पुन्हा एटिमऑनलाइनवरच वाचावी, ती तिथे छान दिली आहे. डिसेंबर १९१५मध्ये ब्रिटिशांच्या एका समितीने या नव्या यंत्रासाठी सांकेतिक नाव शोधले, म्हणजे शत्रूला पत्ता लागू नये असे खोटे नाव. ‘सिस्टर्न’ आणि ‘रिझर्व्हायर’ हे शब्दही विचारात होते. त्यांतला ‘टँक’ आखूड आणि उच्चारायला सुटसुटीत म्हणून ठरला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर ही यंत्रे पहिल्यांदा लढाईत उतरली आणि खोटे नावच खरे झाले. टँक-टॉपचा रणगाड्याशी काही संबंध नाही. पोहण्याच्या तलावाला टँक म्हणत, त्यात घालायचा तो टँक-सूट, आणि त्याच्यासारखा बिनबाह्यांचा तो टॉप.

आता अक्षरांकडे. टी, ए, एन, के ही चार अक्षरे दोन-दोन, तीन-तीन, चार-चार घेऊन ६० प्रकारे मांडता येतात. त्यांतले शब्द बोटांवर मोजण्याइतके. स्क्रॅबल या पटावर अक्षरे मांडून शब्द बनवायच्या खेळात के ५ गुणांचा, बाकी तिन्ही एकेक, म्हणून ‘टँक’ ८ गुणांचा. यासाठी मेरियम-वेबस्टर आणि कॉलिन्स, दोघांचेही शब्दशोधक फुकट आहेत. पण दोघांची उत्तरे जुळत नाहीत, कारण पहिला अमेरिकी यादी वापरतो आणि दुसरा कॉलिन्सची. अँट, टॅन आणि कॅट (के-ए-टी, चघळायच्या पाल्याचे नाव) दोन्हीकडे चालतात. एन-ए-टी, टी-ए-के आणि के-ए-एन-टी फक्त कॉलिन्सकडे. स्पर्धा कुठल्या यादीवर आहे हे आधी विचारून घ्यावे, नाहीतर पटावर मांडलेला शब्द उचलावा लागतो. कुठली यादी वापरली हे न सांगणारे, जाहिरातींनी भरलेले शब्दशोधक पुष्कळ आहेत, त्यांच्यावर विसंबू नये.

पाचवे अक्षर मिळाले की हात मोकळा होतो. ई आला तर टी-ए-के-ई-एन, एच आला तर ‘थँक’, आय आला तर ‘टाकिन’, हा भूतानचा राष्ट्रीय प्राणी. मागे ए लावला की ‘तांका’ हा जपानी काव्यप्रकार. एस सगळ्यात कामाचा, कारण तो मागेही लागतो आणि पुढेही: पुढे लावला की ‘स्टँक’, ९ गुण. शब्दशोधक इथे ‘चालतो’ एवढेच सांगून गप्प बसतो. ‘स्टँक’ हे दुर्गंध सुटण्याचे भूतकाळी रूप सगळ्यांना माहीत असते. पण इंग्लंड-स्कॉटलंडच्या बोलीत तळे किंवा बंधारा या अर्थाचा दुसरा ‘स्टँक’ आहे, जुन्या फ्रेंचमधून आलेला, त्या पोर्तुगीज ‘इश्तांके’चाच भाऊबंद. हे बघायला शब्दशोधक सोडून परत व्युत्पत्तीच्या नोंदीत शिरावे लागते. म्हणून दोन्ही खिडक्या शेजारी उघड्या ठेवाव्यात.