एक्सपी टाकताना क्विक फॉरमॅट की पूर्ण फॉरमॅट?

जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज एक्सपी पुन्हा टाकताना सेटअप एनटीएफएससाठी (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) फॉरमॅटचे दोन पर्याय देतो. क्विक फॉरमॅट फाइलींची नवी, कोरी यादी तेवढी तयार करतो. काम झटपट उरकतं. पूर्ण फॉरमॅट त्याशिवाय प्रत्येक सेक्टर (डिस्कचा छोटा तुकडा) वाचून पाहतो आणि खराब सेक्टर बाजूला काढतो. १६० जीबीच्या डिस्कला पाऊण-एक तास सहज जातो.

डिस्क दहा-पंधरा वर्षं वापरलेली असेल, तर पूर्णच करा. टक्केवारी एकाच आकड्यावर अडून बसली आणि आतून टक-टक ऐकू आली, तर ती डिस्क बदला. क्विकमध्ये हा दोष लपतो आणि फाइली कॉपी होताना सेटअप अडकतो. नुकत्याच तपासलेल्या धडधाकट डिस्कला क्विक पुरे.

मात्र एक्सपीचा पूर्ण फॉरमॅट जुना डेटा शून्यांनी पुसत नाही. ते व्हिस्टापासून सुरू झालं. मशीन विकायचं असेल तर डिस्क वेगळी पुसून घ्या.

फॉरमॅट कुठलाही निवडा, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) साटा, म्हणजे डिस्कची जोडणी, एएचसीआय मोडवर असेल तर ७बी एररची निळी स्क्रीन येते, कारण एक्सपीच्या मूळ सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हर (डिस्क चालवणारं सॉफ्टवेअर) नसतो. मोड आयडीई या जुन्या पद्धतीवर न्या, नाहीतर एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्या.