नाक धुवायची बाटली पास, टाकीचं पाणी नापास

नाकाच्या पडद्याचं किंवा सायनसचं ऑपरेशन झालं की डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या खाली एक ओळ बहुतेक वेळा असते: सलाईनने, म्हणजे मिठाच्या पाण्याने, नाक धुणे. त्यासाठी मेडिकलवर मिळणाऱ्या किटबद्दल हे लिहितोय. 200 ते 240 मिलीची मऊ बाटली, वर घुमटासारखी भोकाची टोपी, आत बुडापर्यंत गेलेली नळी आणि सोबत मिठाच्या पुड्या, एवढाच ऐवज. वस्तू साधी आहे, पण घ्यावीच.

कारण खपल्या. आतली जखम भरताना रक्त आणि शेंबूड सुकून कडक खपल्या धरतात. त्या तशाच राहिल्या तर वास येतो, जंतू वाढतात आणि समोरासमोरच्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात. थेंबांनी फक्त पुढचा भाग ओला होतो. बाटलीचं पाणी एका नाकपुडीतून मागे वळसा घालून दुसरीतून बाहेर येतं आणि जाताना खपली सोबत नेतं. जलनेतीचा लोटाही हेच काम करतो, पण त्यात मान जास्त वाकडी करावी लागते आणि धार कमी-जास्त करता येत नाही. नाकात स्प्लिंट (आतल्या आधाराच्या पट्ट्या) असतील तर पहिले काही दिवस बरेच डॉक्टर नुसता सलाईन स्प्रे देतात. बाटली कधी सुरू करायची आणि दिवसातून किती वेळा, हे सर्जननेच सांगायचं.

खरी गडबड पाण्यात होते. एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावकडे गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी नळातूनच कढत येतं. मग ‘कोमट तर आहेच’ म्हणून तेच बाटलीत भरलं जातं. कोमट आणि उकळलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाकातून मेंदूपर्यंत जाणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा अशाच गरम, साठलेल्या पाण्यात वाढतो. आजार अगदी दुर्मिळ, पण झाला तर माणूस क्वचितच वाचतो. हेच पाणी प्यायल्याने तो होत नाही, नाकात गेल्यानेच होतो. आरओचं किंवा थंड पाण्याच्या जारचं पाणीही निर्जंतुक नसतं. पाणी खदखदायला लागल्यावर पूर्ण 1 मिनिट उकळू द्या, झाकून गार करा आणि 24 तासांत संपवा. डिस्टिल्ड वॉटर चालतं, पण बॅटरीत घालायचं नव्हे. बोअरचं पाणी उकळलं तरी त्यातले क्षार तसेच राहतात आणि टोपीच्या भोकाभोवती पांढरा थर धरतात. तो दिसला की टोपी घासून घ्या.

मिठाचं प्रमाण 0.9 टक्के, म्हणजे 240 मिलीला साधारण 2.2 ग्रॅम. पुडी किती पाण्यासाठी आहे ते तिच्यावर वाचा. 240 ची पुडी 200 च्या बाटलीत टाकली की पाणी खारट होऊन नाक चुरचुरतं, आणि नुसतं पाणी घेतलं तर त्याहून जास्त झोंबतं. सोनं मिलीग्रॅमवर तोलणाऱ्या जळगावात मीठ चिमटीने टाकू नये! पुड्या संपल्या तर 1 लिटर उकळलेल्या पाण्याला 9 ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ, तेही काट्यावर मोजून.

धुताना बेसिनवर वाका, तोंड उघडं ठेवा, तोंडानेच श्वास घ्या. टोपी नाकपुडीला लावून हलकेच दाबा. अर्धी बाटली एका बाजूने, अर्धी दुसऱ्या. मध्येच गिळू नका, जोरात दाबू नका, नाहीतर कानात दडा बसतो. सगळ्यात जास्त चुकतं ते शेवटी: बाटली नाकाला लावलेली असतानाच पकड सैल केली की नाकातला शेंबूड उलट बाटलीत ओढला जातो. म्हणून आधी बाटली बाजूला, मग पकड ढिली. धुऊन झाल्यावर नाक शिंकरायचं नाही, वाकून मान दोन्हीकडे कलती करा, पाणी आपोआप गळतं. औषधाचा स्प्रे दिला असेल तर तो धुतल्यानंतर मारा, आधी मारला तर सगळा वाहून जातो. आणि झोपायच्या तोंडावर धुऊ नका, उरलेलं पाणी रात्रभर घशात उतरतं.

किटचा एक दोष मात्र आहे: नळी. टोपी लावूनच बाटली ठेवली तर आत ओल राहते आणि नळीत काळी बुरशी धरते. रोज नळी काढून साबणाने धुवा, उकळलेल्या पाण्याने विसळा, तिन्ही भाग सुटे वाळत ठेवा. तीन महिन्यांनी बाटली बदला.

पहिले दोन आठवडे घरात मसाल्यासाठी मिरच्या भाजण्याचा बेत पुढे ढकला. ठसका लागून शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या, दाबू नका. तर्रीदार शेवभाजीही तेवढे दिवस बाजूला, नाक वाहायला लागतं आणि हात आपसूक शिंकरायला जातो. कूलरचा झोत थेट तोंडावर नको, खपल्या लवकर कडक होतात.

धुताना गुलाबी पाणी किंवा रक्ताच्या गुठळ्या दिसल्या तर घाबरायचं कारण नाही. ताजं लाल रक्त वाहिलं तर पुढे वाकून बसा आणि नाकाचा मऊ भाग 10 मिनिटं न सोडता दाबून धरा. तरीही थांबलं नाही, ताप चढला, डोळा सुजला, दुहेरी दिसू लागलं किंवा वाकल्यावर एकाच नाकपुडीतून खारट, पाण्यासारखं नितळ गळत राहिलं, तर बाटली बाजूला ठेवून त्याच दिवशी सर्जनकडे जा.