कंपाइल होतानाच टाइप जुळवून बघणे : काही महिने वापरल्यानंतर

रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. कारखान्यांच्या पॅनलमध्ये बसणारे वीज मोजायचे मीटर बनवतो. व्होल्टेज, करंट, युनिट मोजायचे आणि पीसीला पाठवायचे, एवढंच काम. मीटरमधला कोड सी प्लस प्लसमध्ये, पीसीवरचाही त्यातच, आणि दोघांमध्ये जाणाऱ्या पॅकेटची (एका वेळी पाठवायच्या माहितीची) रचना सांगणारी हेडर फाइल एकच. पावसाळ्याच्या आधीपासून त्या फाइलच्या आसपास मी 'स्टॅटिक असर्ट' आणि 'इज सेम' ही जोडी नेमाने वापरतोय. टाइप म्हणजे माहिती कोणत्या जातीची ते. हे दोन टाइप तंतोतंत एकच आहेत का, हा प्रश्न प्रोग्रॅम चालायच्या आधीच कंपायलरला, म्हणजे कोडचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या टूलला, विचारायचा. उत्तर 'नाही' आलं की बिल्ड तिथेच थांबतं.

माझं मत आधीच सांगतो. जिथे दोन वेगळ्या माणसांचा कोड एकमेकांना भेटतो, तिथे हे हवंच. बाकी ठिकाणी वापरण्याआधी आपल्याला नेमकं काय विचारायचंय ते पक्कं करावं लागतं.

सगळ्यात मोठा फायदा झाला तो घड्याळाच्या बाबतीत. मीटरमधल्या घड्याळाच्या चिपची लायब्ररी पुरवठादाराकडून येते. तिचं वेळ देणारं फंक्शन 32 बिटांत सेकंद द्यायचं, आणि आमच्या पॅकेटमध्ये वेळेसाठी चारच बाइट राखलेले. नवीन आवृत्तीत तेच फंक्शन, त्याच नावाने, 64 बिटांत मिलिसेकंद द्यायला लागलं. असा मोठा आकडा छोट्या जागेत टाकला तर जीसीसी हा आमचा कंपायलर नेहमीच्या वॉर्निंगमध्ये काही बोलत नाही. कन्व्हर्जनची वॉर्निंग वेगळी चालू करावी लागते. वरचे बिट गुपचूप कापले जातात, आणि 32 बिटांत उरलेले मिलिसेकंद साधारण 50 दिवसांनी फिरून शून्यावर येतात. टेबलावरच्या टेस्टिंगमध्ये अशी चूक पकडणं अवघडच. त्या फंक्शनच्या रिटर्न टाइपवर 'डेक्लटाइप' (एखाद्या गोष्टीचा टाइप सांगणारा शब्द) लावून एक ओळीची अट आधीच लिहिलेली होती. लायब्ररी बदलली आणि पहिल्याच बिल्डला लाल ओळ आली. संध्याकाळपर्यंत पॅकेटची नवी आवृत्ती ठरली.

या तपासणीचा बायनरीवर काडीचाही बोजा नाही. एक इन्स्ट्रक्शनसुद्धा वाढत नाही, आणि फ्लॅश (चिपमधली प्रोग्रॅम ठेवायची मेमरी) मोजून मापून वापरणाऱ्या आमच्यासारख्यांना हे फार महत्त्वाचं. आतली यंत्रणाही सुंदर आहे. एक सर्वसाधारण टेम्प्लेट (टाइप बदलून वापरता येणारा साचा) असतं, दोन टाइप घेऊन 'खोटं' सांगणारं. आणि एक खास रूप असतं, दोन्ही जागी एकच टाइप आला तर 'खरं' सांगणारं. कंपायलर जास्त नेमकं बसणारं रूप निवडतो आणि उत्तर तयार. अख्खी व्याख्या चार-सहा ओळींची. मला ती आजही परत परत वाचावीशी वाटते.

आता जिथे जपून राहावं लागतं ते. आमच्या टीममध्ये नुकतीच आलेली एक मुलगी पॅकेटमधल्या रीडिंगवर अट लिहीत होती: या फील्डचा टाइप 'इंट' (पूर्णांक) असला पाहिजे. फील्ड 'इंट 32 टी' (32 बिटांचा पूर्णांक) म्हणून जाहीर केलेलं. लिनक्सच्या पीसीवर बिल्ड पास, मीटरच्या आर्म कंट्रोलरसाठी फेल. "सर, दोन्ही चार बाइटचेच आहेत ना? मग हा नाही का म्हणतोय?" प्रश्न अगदी रास्त होता. आम्ही आर्मसाठी वापरतो त्या जीसीसी आणि न्यूलिब या सी लायब्ररीच्या जोडीत 'इंट 32 टी' हे आतून 'लाँग' आहे. लिनक्सवर तेच नाव 'इंट'कडे जातं. आर्मवर 'इंट' आणि 'लाँग' दोन्ही चार बाइटचे, दोन्ही साइन्ड (ऋण आकडेही चालणारे), दोन्हींची मर्यादा तीच. तरी भाषेच्या नियमात ते दोन वेगळे टाइप आहेत. याचीच दुसरी बाजू ओव्हरलोडमध्ये, म्हणजे एकाच नावाची पण वेगळे टाइप घेणारी फंक्शन्स लिहिताना, दिसते. 'इंट' घेणारं एक फंक्शन आणि 'इंट 32 टी' घेणारं त्याच नावाचं दुसरं असं लिहिलं तर आर्मवर ती दोन फंक्शन्स होतात आणि सुखाने नांदतात, लिनक्सवर मात्र 'हे आधीच लिहिलंय' अशी एरर येते. 'कॅर' या एका बाइटच्या टाइपचंही तसंच: कॅर, साइन्ड कॅर आणि अनसाइन्ड कॅर हे तिन्ही वेगळे टाइप, पण इंट आणि साइन्ड इंट मात्र एकच.

तिला हवं होतं ते म्हणजे चार बाइट आणि साइन्ड पूर्णांक. मग तेच विचारायचं: साइज चार आहे का, टाइप इंटिग्रल (पूर्णांकाचा) आहे का, साइन्ड आहे का. तीन छोट्या अटी, दोन्हीकडे पास.

कॉन्स्ट (बदलता न येणारं) आणि रेफरन्स (मूळ व्हेरिएबलचंच दुसरं नाव) हेही असेच छळतात. 'इंट' आणि 'कॉन्स्ट इंट' यांना इज सेम वेगळे म्हणतं, 'इंट'चा रेफरन्स तिसराच. 'डेक्लटाइप'मध्ये व्हेरिएबलच्या नावाभोवती कंसाची आणखी एक जोडी घातली तर टाइपऐवजी त्याचा रेफरन्स मिळतो. एका कंसाने उत्तर फिरतं. हे सगळं पुसून मूळ टाइप बघायचा असेल तर सी प्लस प्लस 20 मध्ये 'रिमूव्ह सीव्ही रेफ' आलंय, ते वापरा. जुन्या कोडमध्ये लोक 'डिके' वापरतात, पण ते ॲरेचा (ओळीने ठेवलेल्या घरांचा) पॉइंटर (नुसता पत्ता) करून टाकतं, त्यामुळे आठ घरांचा ॲरे आणि सोळा घरांचा ॲरे एकच दिसायला लागतात. पॅकेटच्या बफरसाठी हे अजिबात चालणार नाही.

आणि एक गोष्ट या तपासणीकडून मिळणारच नाही. आमच्या कोडमध्ये व्होल्टेज आणि करंट ही दोन्ही फ्लोटला (दशांश आकड्यांच्या टाइपला) 'युजिंग'ने दिलेली दुसरी नावं होती. नाव बदललं तरी माणूस तोच, तसं हे. इज सेमला विचारलं तर व्होल्टेज आणि करंट एकच म्हणेल, आणि त्याचं बरोबरच आहे. दोन्हींची अदलाबदल पकडायची असेल तर प्रत्येकासाठी वेगळं स्ट्रक्ट, म्हणजे स्वतःचा नवा टाइप, करावं लागतं. आम्ही ते केलं. चार ठिकाणी कोड लांबला, पण फंक्शनला करंटच्या जागी व्होल्टेज देणं आता शक्यच राहिलं नाही.

एररच्या मजकुराबद्दल मात्र मी समाधानी नाही. जुन्या कंपायलरवर फक्त 'असर्शन फेल' आणि आपण लिहिलेला संदेश एवढंच दिसतं. प्रत्यक्षात टाइप कोणता आला ते सांगतच नाही. तेव्हा एक जुनी युक्ती कामाला येते: व्याख्या न दिलेलं टेम्प्लेट जाहीर करायचं, त्याला तो टाइप देऊन ऑब्जेक्ट बनवायला बघायचं, की कंपायलर तक्रार करताना टाइपचं पूर्ण नाव छापतो. सी प्लस प्लस 20 च्या 'सेम ॲज' कन्सेप्टने (टाइपवर घालायच्या नाव दिलेल्या अटीने) यात बराच फरक पडलाय, कोणती अट कोणत्या टाइपसाठी तुटली ते तो दाखवतो.

डी भाषेत हेच काम मला जास्त स्वच्छ वाटतं. तिथे 'इज'च्या कंसात दुहेरी बरोबरचं चिन्ह लिहिलं तर 'तोच टाइप आहे का' आणि विसर्गासारखे दोन ठिपके लिहिले तर 'आपोआप रूपांतर होतं का' असा प्रश्न होतो. दोन प्रश्न शेजारी शेजारी असल्यामुळे लिहितानाच निवड करावी लागते. सी प्लस प्लसमध्ये दुसऱ्यासाठी 'इज कन्व्हर्टिबल' आहे, पण ते आठवणीने शोधावं लागतं.

आमच्यासारखं दोन कंपायलरवर काम असेल तर या अटींची वेगळी फाइल करा आणि ती दोन्हीकडे बिल्ड होऊ द्या. एकीकडे पास झाली म्हणून दुसरीकडे होईलच असं नाही. जुन्या टूलचेनमुळे सी प्लस प्लस 11 वर असाल तर इज सेमच्या पुढे 'व्हॅल्यू' लिहावं लागतं आणि स्टॅटिक असर्टला संदेश द्यावाच लागतो. 17 पासून दोन्हींतून सुटका आहे, तरी संदेश लिहाच, आणि त्यात ही अट कोणत्या फील्डसाठी आहे ते नावानिशी लिहा.