फाय-टॉफ-थो-रा: शंकरनगरचा उच्चारवर्ग

काटोलला आमचं कृषी सेवा केंद्र आहे. संत्र्याच्या बुडातून डिंक गळायला लागला की शेतकरी 'डिंक्या आला' म्हणतो. औषधाच्या लेबलवर फायटोफ्थोरा, म्हणजे हा रोग आणणाऱ्या बुरशीसारख्या जीवाचं नाव, छापलेलं असतं, आणि काउंटरवरची पोरं 'फायटो'वरच थांबतात. घोळ तिथंच होतो. वांग्याचा पर्णगुच्छ हा रोग होतो फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्म जीवामुळे. तो तुडतुडे पसरवतात आणि बुरशीनाशकाला तो दाद देत नाही. फोनवर अर्धं नाव ऐकून औषध दिलं तर शेतकऱ्याचा पैसा पाण्यात. म्हणून नागपुरात शंकरनगर चौकाजवळ रविवारी भरणाऱ्या रोगनामांच्या उच्चारवर्गाला जायला लागलो.

शिकवणाऱ्या मॅडम निवृत्त वनस्पतिरोगतज्ज्ञ आहेत. त्या फळ्यावर शब्द दोन प्रकारे तोडतात. अर्थाने तोडला तर फायटो आणि फ्थोरा: ग्रीकमध्ये फायटॉन म्हणजे वनस्पती, फ्थोरा म्हणजे नाश. उच्चाराने तोडला तर फाय-टॉफ-थो-रा. 'फ्थ' एकदम काढायला गेलं की जीभ अडखळते आणि तोंडातून 'फायटोप्थेरा' निघतं. 'फ' मागच्या 'टॉ'ला द्यायचा, 'थ' पुढच्या 'थो'त न्यायचा, जोर 'टॉफ'वर. मॅडम प्रत्येकाकडून टाळी वाजवत म्हणवून घेतात, मागच्या बाकावरच्यांनाही सोडत नाहीत. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक नासवणारा करपा याच कुळातला, आणि १८७६ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अँटोन डी बारींनी फायटोफ्थोरा हे नाव दिलं, हे त्यांनी इतकं तळमळीनं सांगितलं की वर्गात कुणी हललं नाही.

सिट्रस सायला, म्हणजे संत्र्या-लिंबावरची रस शोषणारी बारीक कीड, तिचा उच्चारही तिथंच कळला. स्पेलिंगमधला 'पी' मुका, म्हणून 'सिला'. आपल्याकडे मात्र सगळे सायलाच म्हणतात, आणि शेतकऱ्याशी बोलताना तेच बोला असं मॅडमनी बजावलं. हे मला फार पटलं.

उणीव सांगायलाच हवी. ह्वांग-लाँग-बिंग, म्हणजे हीच सिला पसरवते तो ग्रीनिंग रोग, शेवटच्या पाच मिनिटांत उरकला. संत्रापट्ट्यातल्या लोकांना त्यावर अख्खा तास द्यायला हवा. शब्दांचा छापील कागद मिळत नाही, फळ्यावरून उतरवून घ्यावं लागतं. मागून अक्षर दिसत नाही, पुढे बसा.

फी पाचशे रुपये. माझ्या दुकानातल्या दोन्ही पोरांची पुढच्या बॅचची फी मी भरली आहे.