दीडशे किलोची थाप

जिमचं जुनं सामान घ्यायला गेलो आणि पैसे गेले 29,500. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना लाज वाटणार आहे.

मी हिशेबाच्या कामातला माणूस. ताळेबंदात दोन रुपयांचा फरक लागला तरी रात्री दहापर्यंत ऑफिसात बसून राहतो. आणि मलाच एका माणसाने 24 किलो 700 ग्रॅम हवा विकली.

‘जिम बंद केली, सामान काढायचंय’ ही जाहिरात तुम्ही पाहिलेली असणारच. मीही पाहिली आणि रविवारी सकाळी पुण्यात नऱ्ह्याच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये पोचलो. प्लेटा, म्हणजे वजनाच्या लोखंडी चकत्या, 120 रुपये किलो. वीसच्या चार, पंधराच्या दोन, दहाच्या दोन, म्हणजे 130 किलोचे 15,600. ऑलिम्पिक रॉड, म्हणजे प्लेटा अडकवायचा लांब दांडा, ‘20 किलो, ओरिजिनल’, 9,500. दोन रबरी मॅट 2,800, क्लिपा 400, टेम्पो 1,200. त्यातले 20,000 मोबाइलवरून ‘वहिनींच्या’ खात्यात टाकले आणि बाकीचे रोख दिले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, “टॅक्स लागेल दादा, कशाला?” मीही टॅक्स वाचवला. हुशार ना!

आता खरं दुखणं. शेडच्या कोपऱ्यात काटा होता. मोठा, धान्याची पोती तोलतात तसला, वर गोणपाट टाकलेलं. मी म्हणालोसुद्धा, “एकदा तोलून घेऊ का?” तो म्हणाला, “सेल गेलेत त्याचे.” बरं. पाचच मिनिटांनी दुसरं गिऱ्हाईक आलं. गोणपाट बाजूला झालं, त्याचे नटबोल्ट तोलले गेले, गोणपाट परत जागेवर. हे मी पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं! आणि गप्प बसलो. का, तर तेवढ्यात तो म्हणाला, “दादा, तुमची पाठ बघूनच कळतं, डेडलिफ्ट मारता तुम्ही.” डेडलिफ्ट म्हणजे प्लेटा लावलेला रॉड जमिनीवरून उचलत सरळ उभं राहणं. गेली दोन वर्षं हे मला कोणी म्हटलं नव्हतं. घरच्यांनी तर नाहीच.

त्याचं शेंबडं पोरगं रॉड एका हाताने खांद्यावर टाकून शीळ घालत टेम्पोकडे गेलं, तेव्हा तरी ट्यूब पेटायला हवी होती. पण कोण हो काटा खिशात घालून फिरतो? प्लेटेवर ठसठशीत 20 उमटवलेलं असताना संशय घेणं आपल्याला असभ्य वाटतं.

आमचा फ्लॅट तळमजल्यावर, म्हणून मागच्या मोकळ्या जागेत मांडणी केली. पाच महिने ओढलं. मात्र पाठ सारखी गोल व्हायची. रॉड पायाच्या मध्यावर, नडगीला चिकटून, छाती वर, पोटात हवा भरून घट्ट, उचलण्याआधी रॉडमधला ढिलेपणा काढून घ्यायचा, सगळं करून बघितलं. मला वाटलं, मांड्यांच्या मागच्या शिराच आखडल्यात. नंतर टेप लावली. स्पर्धेतली वीसची प्लेट 45 सेंटिमीटर व्यासाची असते, म्हणून रॉड जमिनीपासून साडेबावीसवर राहतो. माझ्या प्लेटा 40 च्या. म्हणजे दर वेळी अडीच सेंटिमीटर जास्त वाकून ओढत होतो आणि शिव्या स्वतःच्या कमरेला घालत होतो.

तरीही ‘दीडशे’ उचलले. मेव्हण्याला सांगितलं, ऑफिसात सांगितलं. मेव्हणा त्याच्या जिममध्ये घेऊन गेला. तिथे दीडशे लावले तर रॉड जागचा हलेना. एकशेतीस गुडघ्यापर्यंत आले आणि सुटले. मेव्हणा काहीच बोलला नाही, ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी एकेक प्लेट कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे नेली. वीसच्या भरल्या 17.1, 17.4, 16.8, 17.2. पंधराच्या 12.9 आणि 13. दहाच्या 8.8 आणि 8.7. रॉड 13.4, म्हणजे आत पोकळ नळी आणि टोकांना वेल्डिंग. एकूण 125.3. रद्दीवाल्याने विचारलं, “साहेब, विकायच्यात का?”

रॉड घेताना टेप काढाच. पुरुषांच्या स्पर्धेचा रॉड 2.2 मीटर लांब, पकडीला 28 मिलिमीटर जाड, प्लेट बसते ते टोक 50 मिलिमीटर. सपाट फरशीवर गडगडवा, डुगडुगला तर परत निघा.

चौकीत गेलो. साहेबांनी विक्रेत्याने दिलेली कच्ची पावती पाहिली. तिच्यावर ‘जिम सामान 1 सेट’. “यात दीडशे किलो कुठे लिहिलंय?” मी शांतपणे हिशेब मांडला: प्लेटांमध्ये 18.1 किलो कमी, 120 च्या भावाने 2,172 रुपये, शिवाय पोकळ रॉड. ते म्हणाले, “अहो, दोन हजारांसाठी?” मी म्हणालो, उद्या तो पोकळ रॉड कोणाच्या छातीवर मोडला तर? म्हणाले, मोडल्यावर या. शब्दशः! एका सरकारी कार्यालयात सांगितलं की व्यायामाची प्लेट ही वस्तू आहे, वजनमाप नाही, हा आमचा विषय नाही. मग किलोने कशी विकली? उत्तर, “अर्ज देऊन ठेवा.” अर्ज दिला. आवक शिक्का मारायचे साहेब जेवायला गेले होते. चार वाजता आले, तेव्हा शिक्का सापडेना. तीन अर्ध्या रजा गेल्या, त्या या हिशेबात धरलेल्याच नाहीत.

पावतीवर प्रत्येक नगाचं वजन लिहून घ्या, नाहीतर पावती म्हणजे रद्दी. वहिनी, मेव्हणी, कोणाच्याही खात्यात पैसे टाकू नका. ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. हे मला चौकीतल्या कोणी नाही, शेजारच्या वकील काकूंनी सांगितलं. माझी दाखल झाली आहे.

पोकळ रॉड भंगारात दिला. प्लेटा ठेवल्यात, पांढऱ्या ऑइलपेंटने खरी वजनं लिहून. आता 17.1 आणि 16.8 एका बाजूला, 17.4 आणि 17.2 दुसऱ्या बाजूला अशी चूक होऊ नये म्हणून रोज बेरीज करतो, बायको हसते.

बॅगा तोलायचा हातकाटा घेतलाय, 50 किलोपर्यंतचा. कोणी सेकंडहँड प्लेटा बघायला निघालं असेल तर घेऊन जा. फक्त मेव्हण्यासमोर मागू नका.