रूटिंग पावडर: तीन डब्या, 48 काड्या आणि देवळालीचा गुलाबी

कृषी सेवा केंद्रात रूटिंग पावडर, म्हणजे काडीला मुळं फुटावीत म्हणून लावायची भुकटी, मागितली की आमच्या नाशिकला दुकानदार आधी विचारतो, "द्राक्षाला का?" मी म्हणते, "नाही हो, गुलाबाला." मग तो मागच्या फळीवरून 50 ग्रॅमची डबी काढून देतो. तीन ऑक्टोबरांत मी अशा तीन डब्या आणल्या, तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या. आतला घटक एकच, इंडोल ब्युटिरिक ॲसिड, म्हणजे आयबीए, शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळलेलं. त्यामुळे हा अभिप्राय कुठल्या एका कंपनीचा नाही, त्या पांढऱ्या पावडरीचाच आहे.

आधी सांगते की माझ्याकडे काड्या येतात कुठून. दसरा झाला की एका रविवारी सकाळी आम्ही अकराजण एकीच्या घरी, गाडी लावायच्या जागेत जमतो. ऑक्टोबर छाटणी म्हटलं की इथे सगळ्यांना द्राक्षबागा आठवतात, पण गुलाबाची मोठी छाटणीही त्याच महिन्यातली. एरवी त्या काड्या कचऱ्याच्या गाडीत जातात. आम्ही त्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणतो आणि एकमेकांना देतो. पैशाचा व्यवहार नाही. नियम एकच: प्रत्येक जुडीला चिठ्ठी हवी. काडी कधी कापली, झाड कुठलं, फुलाचा रंग कोणता, वास आहे की नाही. नाव माहीत नसेल तर गावाचं नाव लिहायचं, पण मनाने नाव ठेवायचं नाही. एकदा चुकीचं नाव चिकटलं की ते दहा घरांत पोहोचतं आणि पुन्हा सुटत नाही.

तिथे येतात ते बहुतेक जुने गुलाब. गावठी गुलाब तर असतोच, गुलकंदाचा, ज्याची पाकळी तोंडात टाकली तरी वास घशापर्यंत जातो. एक ताई सुनेच्या माहेराहून, कोइम्बतूरहून, पन्नीर रोजाची काडी घेऊन आल्या. हा एडवर्ड गुलाब, बूर्बाँ गटातला. हिंदी महासागरातलं रियुनियन बेट पूर्वी इल बूर्बाँ म्हणून ओळखलं जायचं, तिथून या गटाला नाव मिळालं. एक आजोबा दरवर्षी 'ग्रुस आन टेप्लित्झ' आणतात. गुलाबाच्या नव्या जाती तयार करणाऱ्या गेश्विंड यांचा हा गुलाब 1897 साली बाजारात आला. गडद लाल फूल, मान खाली घातलेली आणि वास असा की जिन्यात ठेवलं तर वरच्या मजल्यावर कळतं. आजोबा चिठ्ठीवर नाव देवनागरीत सुवाच्य लिहितात आणि खाली "टेप्लित्झला नमस्कार" असा अर्थही देतात.

हे गुलाब नर्सरीत का घेत नाही, असं मला पुष्कळजण विचारतात. एक तर मिळत नाहीत. दुसरं म्हणजे नर्सरीतला बहुतेक गुलाब डोळा भरलेला असतो, खाली जंगली खुंट आणि वर आपली जात. दोन-तीन वर्षं दुर्लक्ष झालं की खुंटाचे फुटवे वर येतात, वरचा भाग वाळतो आणि आपण कौतुकाने जंगली गुलाबाला पाणी घालत राहतो. माझ्या शेजारच्या सोसायटीत अशी सात झाडं आहेत. काडीपासून केलेलं झाड स्वतःच्या मुळावर असतं. वरून पार वाळलं तरी मुळातून जे येईल ते तेच. पहिली दोन वर्षं ते हळू वाढतं, हे मात्र खरं आणि ते सोसावं लागतं.

आता देवळालीचा गुलाबी. देवळाली कॅम्पात अजून काही जुने बंगले आहेत, कौलारू, मोठ्या अंगणाचे. तीन वर्षांपूर्वी एका लग्नासाठी गेले होते. चालत परतताना एका बंगल्याच्या कुंपणावर गुलाबी फुलांचे झुपके दिसले. फूल लहान, सैल, उमलताना फिकट आणि जुनं होईल तसं गडद. काटे थोडे. वास मंद, आणि मला तो गोड वाटाण्याच्या शेंगा सोलताना येतो तसा वाटला. आत माळीबाबा पाणी घालत होते. म्हणाले, "बारमाही असतं हे, ताई. मी आलो तेव्हापासून बघतोय. काडी पाहिजे तर दसऱ्यानंतर या, आम्ही जाळूनच टाकतो." मला संशय 'ओल्ड ब्लश'चा आहे. चीनमधून युरोपात गेलेल्या ज्या चार गुलाबांनी तिकडच्या गुलाबांना पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण दिला, त्यांतला तो एक. पण संशय म्हणजे ओळख नव्हे. चिठ्ठीवर मी लिहिलं: देवळाली, बंगला, गुलाबी, बारमाही.

दसऱ्यानंतर गेले, दहा काड्या आणल्या, पहिल्या डबीतली पावडर लावली आणि दहाच्या दहा काळ्या पडल्या. नंतर डबी उलटी करून पाहिली तर मुदत संपून पाच महिने झाले होते. ज्या दुकानातून घेतली तिथे ती काउंटरवरच्या उन्हात असायची. आयबीए उन्हाने आणि उष्णतेने निकामी होत जातं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझी चूक अशी की तारीख बघितली नाही, आणि उरलेली डबी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. पावडरीचा रंग बदलत नाही, वासही बदलत नाही. वाया गेलेली आणि चांगली डबी डोळ्यांना सारखीच दिसते. त्यामुळे तारीख बघा, दुकानातली जागा बघा आणि घरी आणल्यावर बरणीत बंद करून फ्रीजमध्ये ठेवा, वर ठळक अक्षरांत "खाऊ नये" लिहून.

दुसऱ्या वर्षी नीट प्रयोग केला, कारण नुसत्या आठवणीवर विश्वास ठेवायचा नव्हता. चार गुलाब, प्रत्येकाच्या बारा काड्या, सहा पावडर लावून आणि सहा बिनपावडरीच्या. गावठी, ग्रुस आन टेप्लित्झ, देवळालीचा गुलाबी आणि एक पिवळा हायब्रीड टी, म्हणजे मोठ्या फुलाचा आधुनिक गुलाब. काडी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर, नुकतंच फूल होऊन गेलेल्या फांदीची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा काप डोळ्याच्या थोडा वर सरळ. वरची दोन पानं ठेवायची, बाकी काढायची. बुडाशी दोन सेंटिमीटर साल एका बाजूने खरवडायची, मूळ फुटायला तिथे जागा होते. निम्मं कोकोपीट, निम्मी धुतलेली नदीची वाळू. प्रत्येक कुंडीवर तळ कापलेली पाण्याची बाटली उपडी घातली आणि सगळं उत्तरेच्या खिडकीशी ठेवलं, जिथे उजेड भरपूर पण ऊन नाही.

आठ आठवड्यांनी मोजणी केली. गावठीच्या सहातल्या सहा पावडरीच्या आणि बिनपावडरीच्याही पाच जगल्या होत्या. म्हणजे गावठीवर पावडर खर्च करायची गरजच नाही, तो पाऊस उघडल्यावर कुंडीत खोचला तरी येतो. टेप्लित्झच्या पाच आणि तीन. देवळालीच्या पावडर लावलेल्या चार, न लावलेली एक. खरा फरक मला इथे दिसला, आणि तो काड्यांच्या संख्येपुरताच नव्हता. पावडरीच्या काड्यांना बुडाभोवती चारी बाजूंनी मुळं होती, बिनपावडरीच्या एकुलतीला एकाच बाजूने दोन. पिवळ्याची एक आली, पावडरीची, आणि तीही फेब्रुवारीत गेली. पिवळे हायब्रीड टी काडीवर रुसतात हे जुने माळी सांगतातच. त्यांच्यासाठी डोळा भरणं हाच मार्ग. पावडरीकडून ती अपेक्षा ठेवू नका, डबीवरच्या चित्रात पिवळा गुलाब असला तरी.

बारा-बारा काड्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, ते मला कळतं. पण माझ्या हातात जे आलं ते हे.

वापराबद्दल दोन गोष्टी, ज्या डबीवर नीट लिहिलेल्या नसतात. काडी थेट डबीत बुडवू नका. ओल लागली की उरलेली पावडर खराब होते आणि एका काडीची बुरशी सगळ्यांना लागते. चमचाभर कागदावर काढा, त्यात बूड टेकवा, झटका, उरलेली टाकून द्या. दुसरं, आधी पेन्सिलीने मातीत भोक पाडा आणि मग काडी सोडा. तशीच दाबून खोचली तर पावडर वरच पुसली जाते, आणि आपण म्हणतो पावडर निरुपयोगी. शिवाय डबीवर टक्केवारी बघून घ्या. कोवळ्या फांदीला 0.1 टक्का, गुलाबाच्या अर्धवट पिकलेल्या काडीला 0.3 टक्के, आणि अगदी जून लाकडाला 0.8 टक्के असा साधारण हिशेब असतो. मी आणलेल्या एका डबीवर टक्केवारी छापलेलीच नव्हती, फक्त "सर्व झाडांसाठी" असं होतं. अशी डबी मी पुन्हा घेणार नाही.

आमच्यात निफाडचे एक भाऊ आहेत, द्राक्षबागायतदार. ते माझी पावडर बघून म्हणाले, "काकू, आम्ही डॉगरिजच्या, म्हणजे द्राक्षाच्या खुंटाच्या, काड्या पाण्यातल्या आयबीएत बुडवतो. दहा मोजायचे आणि काढायची. एवढी भुकटी कशाला सांडता?" त्यांनी करून दाखवलं. आयबीए पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, मग पाणी घालून लिटर करायचं. दोन ग्रॅमला एक लिटर म्हणजे 2000 पीपीएम (दर दहा लाख भागांत 2000). शेकड्याने काड्या लावणाऱ्याला हेच परवडतं, आणि द्रावण सालीवर सगळीकडे सारखं बसतं. पण घरी पाच-सात काड्यांसाठी दोन ग्रॅम अचूक तोलणं मला जमत नाही, आणि जास्त झालं तर काडीचं बूड जळतं. म्हणून गच्चीवरच्या बागेला पावडरच बरी.

मध, कोरफड, दालचिनी यांच्याबद्दलही विचारणा होते. दालचिनीने बुरशी कमी होते, हे मी बघितलं आहे. मध आणि कोरफड लावून मला बिनपावडरीच्या काड्यांपेक्षा वेगळं काही दिसलं नाही. त्यापेक्षा काडी ताजी असणं फार मोठं. मुंबईच्या एका मैत्रिणीने दिवाळीच्या तोंडावर कुरिअरने काड्या पाठवल्या, त्या सुट्ट्यांत अडकून आठव्या दिवशी पोहोचल्या. देठ काळे, पानं गळलेली. दोन चमचे पावडर लावूनही एक डोळा फुटला नाही. काडी ज्या दिवशी कापली त्याच दिवशी लावली, तरच पावडर कामाची.

आणि देवाणघेवाणीत एक काळजी घ्याच. पानावर पिवळ्या नागमोडी रेघा किंवा जाळी दिसणाऱ्या झाडाची काडी घेऊ नका, देऊ नका. मोझॅकचा विषाणू काडीतून आणि डोळ्यातून नव्या झाडात जातो आणि नंतर कुठल्याही फवारणीने निघत नाही. गेल्या वर्षी एका जुडीवर अशी पानं होती. आणणाऱ्या ताईंना वाईट वाटलं, पण त्यांनी ती स्वतः बाजूला ठेवली. दोन माणसांच्या काड्यांमध्ये कात्री स्पिरिटने पुसण्याची सवयही आम्ही तेव्हापासून लावून घेतली.

त्या चार देवळालीच्या रोपांतलं एक मी निफाडच्या भाऊंना दिलं, एक आजोबांना, एक मुंबईला, एक स्वतःला. माझं गच्चीच्या वाफ्यात लावलं होतं. यंदा मे महिन्यात ते अचानक मलूल झालं. उपटून बघितलं तर बुडाशी वाळवी. देवळालीला परत गेले, तर फाटकाला कुलूप, माळीबाबा गावी गेलेले, आणि कुंपणाच्या जागी सिमेंटची भिंत. रस्त्यावर उभं राहून किती वेळ बघत राहिले ते आठवत नाही.

ऑक्टोबरात भाऊ रविवारी आले तेव्हा ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या सहा काड्या त्यांनी माझ्या हातात दिल्या. चिठ्ठीवर माझंच वाक्य, त्यांच्या अक्षरात: देवळाली, बंगला, गुलाबी, बारमाही. खाली लिहिलं होतं, सकाळी साडेसहाला कापल्या. तिसरी डबी फोडली, 0.3 टक्क्यांची, तारीख तीनदा बघून. या वेळी कुंडीऐवजी पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासांत लावल्या, म्हणजे उपटून बघण्याचा मोह होत नाही. सहाव्या आठवड्यात दोन ग्लासांच्या कडेला पांढरी मुळं दिसली, काल तिसऱ्यात. बाटल्यांची झाकणं आजपासून दिवसा काढून ठेवते आहे.